कळस, बुरुज आणि बाबांचे पाच खुंट

ज्या बेटावर मी गेले त्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. स्खिरमॉनिकओख. तिकीट काढताना मी ते तीनदा म्हटलं आणि काउंटरवरच्या बाईने मास्कच्या आतून, हसू दाबत, चौथ्यांदा माझ्यासाठी म्हटलं. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, उथळ समुद्रात हे बेट आहे. पर्यटक तिथे पक्षी बघायला जातात, सायकली फिरवतात, वाळूत लोळतात. मी मात्र एका म्हाताऱ्या कोळ्याकडचा कागद बघायला गेले होते, आणि सोमवारच्या आत मला तो हवाच होता.

का, ते आधी सांगते. माझं माहेर अलिबागच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी. बाबा डोलकर. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं. समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकायचे, त्यांना जाळ्याचं तोंड बांधायचं, आणि ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. कुणाचा खुंट कुठे, हे गावात सगळ्यांना पाठ असतं. आजोबांचे खुंट बाबांकडे आले. कागद मात्र एकाचाही नाही. आता तिथे एका खाजगी जेट्टीचा प्रस्ताव आला. जहाजांसाठी गाळ काढून वाट करायची होती, आणि ती वाट बरोबर बाबांच्या पाच खुंटांवरून जात होती. समुद्राचा तळ सरकारचा, हे आम्हालाही मान्य आहे. पण त्या वाटेत ज्यांची वहिवाट असेल त्यांचं ऐकल्याशिवाय परवानगी द्यायची नाही, असा नियम होता. म्हणून सुनावणी लागली. ती ऑनलाइन, आणि त्याआधी अर्जासोबत आपल्या खुंटांचा नकाशा द्यायचा होता.

मी डेल्फ्टला पीएचडी करते, विषय किनाऱ्यावरचा गाळ. घरात एवढी शिकलेली मुलगी असताना नकाशा दुसऱ्या कोणी का करावा? मी केला. २०२१चं साल. भारतात जायला मिळेल, पण परत वेळेवर येता येईल याची खात्री कोणी देईना. म्हणून चुलतभाऊ जयेशला फोनवर सांगितलं, "होडी घेऊन जा आणि प्रत्येक जाळ्याचं लोकेशन पाठव." त्याने पाठवलं. मी लाल ठिपके टाकले. बाबांनी फोनवर ते बघितले आणि म्हणाले, "ये माजे खुंट नायत गो."

"बाबा, हे उपग्रहावरून आलंय."

"आसंल. पन पयला खुंट देवलाचा कळस फुटक्या बुरजावर आला का लागतो. इथं नाय लागत."

"तुमच्या खुणा चालत नाहीत आता, बाबा," मी म्हणाले. "आकडे लागतात."

बाबांनी सही केली. अर्ज गेला. आणि ऑगस्टअखेर जेट्टीवाल्यांचं उत्तर आलं. अर्जदाराने दिलेल्या पाचही ठिकाणी पाणबुडे उतरवले, तळात एकही खुंट सापडला नाही. शिवाय ती पाचही ठिकाणं अर्जदाराच्याच नकाशाप्रमाणे गाळाच्या वाटेच्या बाहेर आहेत. म्हणजे बाबांचा या प्रकरणाशी संबंधच नाही. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका! पाणबुडे खोटारडे, सर्व्हेवाले खोटारडे, सगळे विकले गेलेत, असं मी दोन दिवस बडबडत होते.

त्यातच कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं, की त्या बेटावर दाउवे नावाचा म्हातारा आहे, त्याच्याकडे समुद्रातल्या ठरावीक जागी जाळं लावायचा आजोबांपासूनचा परवाना आहे. मी ठरवलं, तो कागद बघायचा, त्याची प्रत सोमवारच्या सुनावणीत ठेवायची, आणि विचारायचं, इथे नांदतं ते तिथे का नांदू नये?

डेल्फ्ट ते धक्का

माझं डच म्हणजे सुपरमार्केटपुरतं. म्हणून उइटहॉर्नच्या सुजाताताईला बरोबर घेतलं. ताई मूळची नागपूरची, आयटीत आहे, आठ वर्षं इथे. आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात आमची ओळख झाली तेव्हापासून ती माझी पालक असल्यासारखी वागते. वाटेत माझ्या ट्रेनमध्ये चढली ती पाठीवर एक पिशवी आणि हातात दुसरी.

"जय भीम. झुणका, भाकरी आणि ठेचा आहे. तू काय आणलं?"

"सुकट."

"बाप्पा! ट्रेनमध्ये?"

"सगळ्यांना मास्क आहे ना, ताई. कळणार नाही कोणाला."

कळलं नाही. महामारीचा मला झालेला तेवढाच फायदा. ग्रोनिंगनपर्यंत ट्रेन, मग बस, मग बोट. बस सपाट हिरव्या कुरणांतून जाते आणि एकाएकी समोर बांध येतो, त्यापलीकडे समुद्र. धक्क्यावर उकडलेली इवलीशी कोळंबी विकत होते. मी सोलायला घेतली, तर विकणारा बघतच राहिला. त्याला काय माहीत, आमच्याकडे पहिलीतली पोरं ढीगभर करंदी सोलून मग शाळेत जातात. चव मात्र गोडसर, आपल्या करंदीला जो खारट जोर असतो तो नाही.

बोटीतून पाणी बघताना मला घरची आठवण आली आणि नाही पण आली. रंग आपल्याच खाडीसारखा, गढूळ राखाडी. पण बाजूला ना होडी, ना पिपं, ना आरडाओरडा. आमच्याकडे जाळ्याच्या खुणेसाठी प्लॅस्टिकची पिपं तरंगतात, निळी, पिवळी. इथे बोटीच्या वाटेला काठ्या रोवलेल्या, एका रांगेत, शिस्तीत. ताई म्हणाली, "समुद्रातही यांची सायकल लेन आहे पाहा."

बेटावर

बेटावर पाहुण्यांना गाडी आणता येत नाही. सायकली घेतल्या. वारा समोरून, ताई मागून ओरडत होती, "हळू जा ना वो, मी काही कोळीण नाही!" कोळिणीचा आणि सायकलीचा काय संबंध, ते मी विचारलं नाही.

दाउवेचं घर गावाच्या टोकाला, विटांचं, बुटकं. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, हात बाबांसारखेच, बोटांच्या पेरांवर जुन्या कापल्याच्या खुणा. अंगणात त्याने खुर्च्या मांडल्या होत्या. आम्ही बसणार, तेवढ्यात त्याने एक वल्हं आणलं, दोन खुर्च्यांच्या मध्ये आडवं धरलं आणि माझी खुर्ची थोडी मागे सरकवली. महामारीतलं दीड मीटर अंतर! वल्ह्यावर त्याने खूणच करून ठेवली होती. मला इतकं हसू आलं, आणि तो माणूस तिथेच आवडून गेला.

ताईने बोलायला सुरुवात केली आणि दोन मिनिटांत अडकली. "हे पाय भारती, खेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, अर्ज कसा करायचा, टॅक्स कसा भरायचा, डॉक्टरची वेळ कशी घ्यायची, ते डच मला विचार. जाळ्याचं आणि चिखलाचं डच मी कुठून शिकू?" मग दाउवेने हाताने दाखवायचं, मी मराठीत ओळखायचं आणि ताईने दोघांना विचारायचं, असा आमचा संसार सुरू झाला. खांब म्हटलं की मी खुंट समजायचे. त्यात काही चुकत नव्हतं.

त्याने बेटाची गोष्ट सांगितली. पूर्वी हे अख्खं बेट एकेका घराण्याच्या मालकीचं असायचं. घरं, कुरणं, सगळं. शेवटचा मालक जर्मन सरदार, महायुद्धानंतर बेट सरकारजमा झालं. आणि बेट आहे तिथे राहतही नाही. वारा आणि प्रवाह त्याला पूर्वेकडे ढकलतात. सरकत सरकत त्याचं टोक शेजारच्या प्रांतात शिरलं. मग काय केलं? प्रांताची हद्द हलवली.

"कागदावरची रेषा सरकली?" मी विचारलं.

"बेट थोडंच मागे ढकलता येतं," दाउवे म्हणाला.

मग त्याने कपाटातून फाइल आणली. नवा परवाना आकड्यांचा, अक्षांश-रेखांश. मी त्याचा फोटो काढला. त्याच्याखाली आजोबांच्या वेळचा कागद होता, पिवळा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. ताईने चष्मा वर करून वाचायला घेतलं. "लाल... मनोरा... पांढऱ्या मनोऱ्याच्या... थांब, पुन्हा विचारते." विचारलं. लाल दीपस्तंभ पांढऱ्या मनोऱ्याच्या डाव्या कडेला लागला की एक रेष. देवळाचं, म्हणजे चर्चचं टोक एका शेतघराच्या छपरावर आलं की दुसरी रेष. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे पहिला खांब.

"बाबांचा कळस आणि बुरुज," एवढंच मी म्हणाले. ताईला सगळी गोष्ट माहीत होती. तिने तो कागद उजेडात सपाट धरला आणि मी त्याचाही फोटो काढला.

चिखल

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दाउवे आम्हाला त्याच्या जाळ्यापर्यंत घेऊन गेला. इथे ओहोटीला समुद्र मैलोन्मैल मागे जातो आणि तळ उघडा पडतो. आमच्या खुंटांवर भर ओहोटीलाही खोल पाणी असतं, इथे मात्र म्हातारा आपल्या खांबांपर्यंत चालत जातो. मी रुबाबात पुढे निघाले. चिखलात चालणं मला कोणी शिकवायचं? वीसेक पावलांवर डावा बूट रुतला, पाय वर आला, बूट नाही आला, आणि मी तोंडावर आपटले. ताई हसून हसून खाली बसली, आणि मग तिलाही उठता येईना. दाउवेने दोघींना ओढून काढलं. वल्ह्याने अंतर मोजणारा माणूस, अंतर मोडून जवळ आला होता.

जाळ्यात दोन मासे होते. चंदेरी, जाड ओठांचे, चपट्या डोक्याचे. "अगं, ही तर बोई!" मी ओरडले. आमच्या खाडीतली बोई, डच पाण्यात! मला खरंच आनंद झाला. ताईने विचारलं, "म्हणजे हिला पण व्हिसा मिळाला?"

दुपारी अंगणात जेवलो. बोई त्याने लोण्यात भाजली, आम्ही भाकरी आणि ठेचा काढला. ठेच्याला त्याने हात जोडले, पण सुकटीची चटणी त्याने पावावर लोणी लावून वर पसरली आणि सगळी संपवली. डबा माझ्यासमोर उलटा करून दाखवला. नंतर मी लॅपटॉप काढला. त्याला बाबांचा नकाशा दाखवायचा होता, तक्रार सांगायची होती. पाणबुड्यांनी कसा खोटेपणा केला, ते सांगायचं होतं.

दाउवेने चष्मा लावला. आमच्या डोलीचं चित्र मी कागदावर काढून दाखवलं. तळात खुंट, त्यांना तोंड, मागे लांबलचक जाळं, शेवटी शेपटीशी पीप. तो बराच वेळ ते चित्र बघत राहिला. मग ताईला काहीतरी म्हणाला. ताईने माझ्याकडे बघितलं.

"तो विचारून राहिला, ठिपके घेताना तुमची होडी कुठे होती? खुंटापाशी, की पिपापाशी?"

मासळी काढायला होडी कुठे जाते? शेपटीकडे. जाळ्याच्या मागच्या टोकाला, जिथे पीप तरंगतं. लहानपणी शंभर वेळा गेले आहे मी. आणि जयेशला मी काय सांगितलं होतं? "जाळ्याचं लोकेशन पाठव." त्याने इमानेइतबारे जाळ्याचं पाठवलं. उधाणाच्या ओहोटीला, जेव्हा जाळं पूर्ण ताणलेलं असतं. खुंट राहिले साठ-सत्तर मीटर मागे.

म्हणजे पाणबुडे खोटं बोलत नव्हते. त्यांनी मी सांगितलं तिथे शोधलं. आणि पाचही ठिपके ओहोटीच्या दिशेने, एकाच बाजूला सरकून, बरोबर गाळाच्या वाटेच्या बाहेर पडले होते. माझ्याच नकाशाने माझ्या बापाला हद्दीबाहेर काढलं होतं. आणि तो बिचारा सांगत होता, ये माजे खुंट नायत. मी कोळ्याची पोर, गाळात डॉक्टरेट करणारी, खुंट आणि पीप यातला फरक विसरले. मला इतकी शरम वाटली की मी उठून सायकलीपाशी जाऊन उभी राहिले आणि रडले. ताई मागून आली.

"झालं रडून?"

"हो."

"मग फोन लाव बाबांना. सोमवार परवा आहे."

रविवारचा नकाशा

रविवारी सकाळी बेटावरच्या आमच्या लॉजच्या जेवणघरात टेबल अडवून बसलो. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बोलायला सुरुवात कशी करावी, ते रात्रभर ठरवलं होतं, पण तोंडातून सरळ निघालं. "बाबा, माझं चुकलं. मी पिपांचे ठिपके दिले."

मला वाटलं, बाबा ओरडतील.

"मना ठाव व्हता," ते म्हणाले. "पन तू बोललीस, चालत नाय."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी वही पुढे ओढली. "आता सांगा. एकेक खुंट, दोन-दोन खुणा."

त्यांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. पहिला, कळस फुटक्या बुरजावर आणि बंदराच्या दिव्याचा खांब टेकडीच्या खाचेत. दुसरा, कळस बुरजाच्या उजवीकडे एक हात. हात म्हणजे किती, तर हात पुढे लांब करून मूठ धरायची, तेवढं. मी लॅपटॉपवर देऊळ, बुरुज, खांब, खाच शोधत होते, रेषा ओढत होते. ताई शेजारी बसून आकडे पुन्हा तपासत होती. पाचव्या खुंटाला अडलो. त्याची खूण होती समुद्राकाठचा ताड, आणि तो ताड गेल्या वर्षीच्या वादळात पडला होता.

"मग आता बाबा?"

"मग काय? बुंध्यात बांबू रोवलाय मी, लाल फडका बांधून. वादल गेल्याव चवथ्या दिवशीच."

कोणीही सांगितलं नव्हतं. कोणाला गरज वाटली नव्हती. त्यांनी रोवला होता.

पाचही जागी रेषा एकमेकींना कापत होत्या, आणि पाचही जागा गाळाच्या वाटेच्या आत होत्या. मी नवा नकाशा केला, शेजारी बाबांचे शब्द जसेच्या तसे लिहिले, आणि दाउवेचा पिवळा कागद, ताईने केलेल्या मराठी भाषांतरासह, जोडला.

सोमवार

भारतात अकरा, म्हणजे इथे सकाळचे साडेसात. ताई शेजारच्या टेबलावर स्वतःच्या ऑफिसचं काम उघडून बसली होती, पण एक कान इकडे. पडद्यावर अधिकारी, जेट्टीवाल्यांचे वकील, आणि एका चौकोनात बाबा. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, मागे जयेश.

माझी पाळी आली. मी म्हणाले, "साहेब, पहिल्या नकाशातली चूक माझी आहे. अर्जदाराची नाही. त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." चूक कशी झाली, ते सांगितलं. नवा नकाशा दाखवला.

वकील तयारच होते. "आता सोयीप्रमाणे ठिपके हलणार का? उद्या आणखी हलवतील!"

त्यांचं म्हणणं खोडून काढायला माझे नुसते आकडे पुरणार नव्हते. अधिकाऱ्यांनी बाबांना विचारलं, "काका, तुम्हाला काही सांगायचंय?"

बाबा बोलायला लागले. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नाही. "बाबा, म्यूट!" मी आणि जयेश एकदमच ओरडलो. जयेशने बटण दाबलं.

"...बसा व्होडीत," बाबांचा आवाज आला. "सायेब, तुमचा मशीन तुमी घ्या. मी काय नेनार नाय, माजा कळस हाय तितंच उबा हाय. मी बोलीन थांबा, तितं पानबुड्या उतरवा. नाय खुंट गावला, तर परत अर्ज करनार नाय."

मला धडकीच भरली. असं कशाला बोललात बाबा! पण अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. दोन्ही बाजूंसमक्ष संयुक्त पाहणी, भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ सगळ्यात कमी असते तेव्हा, पाणी स्थिर असताना, अर्जदाराने दाखवलेल्या जागी. तोवर परवानगी थांबवलेली. वकिलांनी हरकत घेतली, ती नोंदवून घेतली गेली.

निघताना दाउवेकडे गेलो. सुनावणीत काय झालं, ते ताईने त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "आणि वडील किती वर्षांचे?" अडुसष्ट, मी म्हणाले. "मग डोळे चांगले असतील अजून," तो म्हणाला आणि आम्हाला बोटीपर्यंत सोडायला सायकलवर आला.

डेल्फ्ट

पाहणी झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. काम काही होत नव्हतं, गाळाच्या बाटल्या उगाच पुसत बसले होते. जयेशने होडीतून कॉल लावला. चित्र हलत होतं, वारा फुरफुरत होता. बाबा नाळीवर, होडीच्या पुढच्या टोकाला उभे, पाठ माझ्याकडे, हात पुढे धरलेला. मागे सर्व्हेची मोठी बोट. कळस मला दिसत होता, बुरजाच्या दिशेने सरकत होता. सरकला, टेकला.

"हितं," बाबा म्हणाले.

पाणबुड्या उतरला. बराच वेळ पाण्यावर नुसते बुडबुडे येत होते. मग तो वर आला, तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "आहे. दोर पण आहे."

पाचच्या पाच सापडले. पाचव्याला बांबूची खूण होती, तो तर लगेच सापडला. माझा नवा नकाशा कुठे चार पावलं, कुठे सहा पावलं चुकलेला होता, बाबांचं बोट कुठेच चुकलं नाही. जेट्टीचा निकाल अजून यायचाय, वाट बदलणार की नाही, ते मला ठाऊक नाही. पण नोंदीच्या कागदावर आकड्यांच्या शेजारी एक रकाना आहे आणि त्यात मराठीत लिहिलंय, देवळाचा कळस फुटक्या बुरजावर. खाली अधिकाऱ्यांची सही आहे. त्याची प्रत मी दाउवेला पाठवली आहे.

त्या दिवशी होडी परत फिरल्यावर बाबांनी जयेशकडून फोन घेतला. चेहरा इतका जवळ आणला की नुसता कान दिसत होता.

"काय गो बाय," ते म्हणाले, "आता माज्या खुना चालतील ना?"

"चालतात, बाबा," मी म्हणाले. "आधीपासूनच चालत होत्या."